रणगाडे, ट्रक वाहणाऱ्या लष्करी जहाजाचा इतिहास मराठवाड्यात बसून कसा काढायचा

आपल्या मराठवाड्याला समुद्र नाही. पण फौजेत गेलेली माणसं गावोगावी आहेत, आणि त्यातले बरेच जण कधी ना कधी जहाजातून गेलेत, गाडीसकट, तोफेसकट. घरी त्यांचा वर्दीतला फोटो असतो, मेडल असतं, युनिटचं नाव बारक्या पोरालाही पाठ असतं, पण ज्या जहाजानं नेलं-आणलं त्याचं नाव विचारलं की कुणालाच सांगता येत नाही. लढाऊ नौकांवर लोक भरभरून लिहितात, विमानवाहू नौकेचं तर विचारूच नका, पण ज्याच्या पोटातून रणगाडा गेला त्या जहाजावर मराठीत शोधायला जा, चार ओळी पण मिळत नाहीत. मला हे लई लागतं. रणगाडा काही पोहत जात नाही ना, कुणीतरी तो उचलून नेलेला असतो, आणि बऱ्याचदा लढाईचा निकाल तो किती दिवसांत पोचला त्याच्यावर लागलेला असतो.

तर हे काम लातूर, नांदेड, बीड कुठंही बसून होतं. मोबाइल, एक वही आणि चिकाटी पाहिजे. मी काही जहाजांचं असं काढलंय आणि आता कॉलेजची पोरं पण विचारायलेत, म्हणून सगळं एका जागी लिहितो.

पहिलं काम म्हणजे जहाज कोणत्या जातीचं आहे ते ठरवा, नाव नंतर बघू. गाड्या वाहणारी लष्करी जहाजं ढोबळ तीन जातीची असतात आणि तिघांचा इतिहास तीन वेगळ्या ठिकाणी सापडतो, म्हणून हे आधी.

एक जात थेट किनाऱ्याला तोंड लावणारी. इंग्रजीत त्याला एलएसटी म्हणतात, लँडिंग शिप टँक. १९४० मध्ये डंकर्कहून ब्रिटिश फौज माघारी आली तेव्हा गाड्या, तोफा सगळं फ्रान्सच्या किनाऱ्यावर सोडून यावं लागलं, त्यानंतर ब्रिटिशांनी व्हेनेझुएलाच्या उथळ तळ्यात चालणारी तेलवाहू जहाजं घेतली आणि त्यांना पुढून दार बसवलं. मग अमेरिकेच्या नौदलातल्या जॉन निडरमायर या डिझायनरनं १९४१ च्या शेवटी नवा आराखडा काढला आणि त्यावरून युद्ध संपेपर्यंत हजाराच्या वर जहाजं बांधली गेली. त्यातली खरी गंमत बॅलास्टची आहे. भर समुद्रात जहाज खोल बसलं तर स्थिर राहतं, पण किनाऱ्याला लागायचं तर ते उथळ पाहिजे, मग टाक्यांत पाणी भरायचं आणि किनारा जवळ आला की ते बाहेर फेकायचं. पुढचा भाग वर येतो, जहाज वाळूवर सरकतं, दार उघडतं आणि गाड्या उतरतात. येताना मागं एक नांगर टाकून ठेवलेला असतो, परत निघताना तोच ओढून जहाज मागं घ्यायचं. बुड सपाट असल्यामुळं अशी जहाजं समुद्रात लई हलतात, हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

दुसरी जात पोटात गोदी असलेली. मागचं दार उघडून आतच पाणी घ्यायचं आणि लहान होड्या तरंगत बाहेर सोडायच्या. आपली आयएनएस जलाश्व ही त्यातली.

तिसरी जात म्हणजे खरी गाडीवाहू जहाजं, अमेरिकन नौदल ज्यांना व्हेइकल कार्गो शिप म्हणतं. ती किनाऱ्याला तोंड लावत नाहीत, त्यांना बंदर लागतं, धक्का लागतो. रॅम्प टाकायचा आणि गाड्या स्वतःच्या चाकांवर आत जातात, तिकडं स्वतःच्या चाकांवर बाहेर येतात. क्रेननं एकेक गाडी उचलायची तर दिवस जातात, रॅम्पवरून तेच काम तासांत होतं. या लेखात मी जास्त याच जातीवर बोलणार आहे, कारण यांच्यावरच सगळ्यात कमी लिहिलं गेलंय.

जात कळली की नंबराकडं या. आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही खरं तर. कुणबी नोंदीसाठी किंवा जमिनीच्या वादासाठी ज्यानं निजामकाळचे कागद, खासरा पाहणी पत्रक, फेरफार काढलेत त्याला माहीत आहे की मालक बदलतो, नाव बदलतं, वाटण्या होतात, पण गट नंबर धरून मागं मागं गेलं की मूळ सापडतं. जहाजाचं पण सेम आहे. नाव धरून गेलात तर हमखास चुकाल.

उदाहरण आपल्याच नौदलाचं घ्या. आयएनएस मगर शोधलं की दोन जहाजं येतात. पहिली मगर म्हणजे ब्रिटिश नौदलाची एचएमएस अ‍ॅव्हेंजर, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शेवटी बांधलेली एलएसटी, ती १९४९ मध्ये आपण घेतली. दुसरी मगर कोलकात्याच्या गार्डन रीच कारखान्यात बांधलेली, १९८७ मध्ये नौदलात दाखल झाली, नंबर एल-२०. घडियालचं पण तसंच, एक १९६६ मध्ये सोव्हिएत रशियाकडून आलेली आणि एक १९९७ ची. १९७१ च्या युद्धात घडियालनं काय केलं हे वाचताना कुणी १९९७ च्या जहाजाचा फोटो लावलेला असतो, आणि तो फोटो मग सगळीकडं फिरतो.

अमेरिकन नौदलाच्या जहाजांना हल नंबर असतो, म्हणजे नौदलानं त्या जहाजाला दिलेला अक्षर-आकड्यांचा नंबर, आणि त्यातली अक्षरंच अर्धी गोष्ट सांगतात. टी-एकेआर असं दिसलं तर टी म्हणजे मिलिटरी सीलिफ्ट कमांडकडं, म्हणजे लष्कराचं सामान समुद्रातून नेणाऱ्या विभागाकडं असलेलं, ए म्हणजे सहाय्यक, के म्हणजे मालवाहू, आर म्हणजे रोल-ऑन रोल-ऑफ, गाडी स्वतःच्या चाकांवर चढते-उतरते ते. नावाच्या आधी यूएसएनएस असेल तर जहाज नौदलाचं पण खलाशी सिव्हिलियन. यूएसएस असेल तर नौदलाचेच लोक. नुसतं एसएस असेल तर वाफेवर चालणारं आणि बहुतेक व्यापारी किंवा सरकारी राखीव ताफ्यातलं. एकाच जहाजाला आयुष्यात हे दोन-तीन प्रकार लागलेले असतात, म्हणजे फोटोखालचं नाव बघून तो साधारण कोणत्या काळातला ते कळतं. धुराड्याकडं पण बघा, सीलिफ्ट कमांडच्या जहाजाला निळा आणि सोनेरी पट्टा असतो, राखीव ताफ्यात गेलं की लाल-पांढरा-निळा. तारीख नसलेला फोटो मी तरी आधी धुराड्यावरूनच लावतो.

नंबरसुद्धा बदलतो हे पण खरंय. यूएसएनएस कॉमेट बघा. पेनसिल्व्हेनियातल्या चेस्टरला सन शिपबिल्डिंगनं बांधलं, १९५७ मध्ये पाण्यात सोडलं, जानेवारी १९५८ मध्ये ताब्यात दिलं. लष्करी गाड्या चाकांवर आत-बाहेर करायच्या म्हणूनच मुद्दाम बांधलेलं हे अगदी सुरुवातीचं जहाज. दाखल होताना नंबर टी-एके-२६९, १९६३ मध्ये टी-एलएसव्ही-७, १९६९ मध्ये टी-एकेआर-७. जहाज एकच, नंबर तीन. म्हणजे या नव्या जातीला काय म्हणायचं हेच नौदलाचं दहा-अकरा वर्षं ठरत नव्हतं. त्याच्या मागून आलेलं सी लिफ्ट नावाचं जहाज १९६७ मध्ये दाखल झालं आणि १९७५ मध्ये त्याचं नाव मेटिऑर केलं, ज्याला हे माहीत नाही तो दोन वेगळी जहाजं समजून दोन अर्धवट इतिहास लिहितो.

म्हणून वहीत पहिल्याच पानावर चार रकाने आखा, नाव, नंबर, मालक, कधीपासून कधीपर्यंत. जो बदल सापडेल तो तिथं टाका. आणि जमेल तिथं आयएमओ नंबर शोधा, हा जगभर चालणारा जहाजाचा ओळख नंबर, सात आकडी असतो, व्यापारी जहाजाला जन्मापासून भंगारापर्यंत तोच राहतो. युद्धनौकांना तो सक्तीचा नाही, पण व्यापारातून लष्करात आलेल्या जहाजांना बऱ्याचदा असतो. तो नंबर बरोबर उतरवला का ते तपासायची एक सोपी रीत आहे. पहिल्या सहा आकड्यांना ओळीनं ७, ६, ५, ४, ३, २ नं गुणा, सगळ्याची बेरीज करा, बेरजेचा शेवटचा आकडा हाच सातवा आकडा यायला पाहिजे. समजा ९०७४७२९. ६३ अधिक ० अधिक ३५ अधिक १६ अधिक २१ अधिक ४, झाले १३९, शेवटचा आकडा ९, म्हणजे बरोबर. जुळलं नाही तर कुठंतरी आकडा चुकलाय, पुढं जाऊ नका.

आता तारखा. एका जहाजाला चार जन्मतारखा असतात आणि लोक त्यातली कोणतीही उचलतात. कील म्हणजे जहाजाच्या बुडाचा कणा, तो ठेवला ती तारीख म्हणजे बांधकाम सुरू. मग जलावतरण, पाण्यात सोडलं. मग कारखान्यानं ताब्यात दिलं. मग नौदलात दाखल, म्हणजे कमिशनिंग, आणि सिव्हिलियन खलाशी असलेल्या जहाजाला हे कमिशनिंग होतच नाही, तिथं ताब्यात दिल्याची तारीख शेवटची. चारही लिहा, कोणती कसली ते पुढं लिहा. आणि एक काळजी घ्या, अमेरिकन लोक महिना आधी लिहितात. आपली दुसरी मगर ६ मे २०२३ ला कोचीला निवृत्त झाली, ६/५/२०२३ असं कुठं लिहिलेलं दिसलं तर अमेरिकन वाचणारा त्याला ५ जून समजेल. म्हणून वहीत महिना कायम अक्षरात.

इथपर्यंतचं सगळं कुठं मिळतं? अमेरिकन जहाज असेल तर त्यांच्या नौदलाच्या इतिहास विभागानं जहाजांचा एक मोठा कोश इंटरनेटवर फुकट ठेवलाय, जहाजागणिक नोंद आहे. राखीव ताफ्यातल्या जहाजांसाठी त्यांच्या मॅरिटाइम अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा जहाजांच्या इतिहासाचा डेटाबेस आहे, त्यात कधी कुठं उभं होतं, कुणाला दिलं ते मिळतं. आपल्या जहाजांसाठी पीआयबीची, म्हणजे केंद्र सरकारच्या प्रसिद्धी खात्याची पत्रकं, दाखल होताना एक निघतं आणि निवृत्त होताना एक, निवृत्तीचं नीट वाचा कारण त्यात अख्ख्या आयुष्याचा आढावा असतो. नौदलानं स्वतःच्या इतिहासाचे खंड काढलेत तेही बघा. आणि मुंबईत मॅरिटाइम हिस्ट्री सोसायटी आहे, १९७८ मध्ये व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटींनी सुरू केलेली. देवगिरीनं रात्री बसलं की सकाळी सीएसएमटी, पण जायच्या आधी पत्र किंवा मेल टाका आणि नेमकं काय पाहिजे ते दोन ओळीत लिहा. मला जहाजाबद्दल माहिती पाहिजे असं लिहिलं तर कोण काय देणार.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जहाजाचं पोट. बहुतेक लेखांत लांबी, रुंदी, वजन देऊन विषय संपवतात. गाडीवाहू जहाजाचं माप म्हणजे आत गाडी उभी करायला जागा किती, चौरस फुटात. अमेरिकेच्या बॉब होप वर्गातल्या जहाजांत ही जागा सुमारे ३,८०,००० चौरस फूट आहे. एकराला ४३,५६० चौरस फूट धरा, पावणेनऊ एकराच्या आसपास होतात, मजल्यावर मजले करून. हा आकडा मराठीत असाच एकरात लिहा, वाचणाऱ्याला लगेच कळतं.

मग पुढचे प्रश्न विचारत जा. रॅम्प कुठं आहे, मागं की बाजूला? धक्का उंच-सखल असेल, भरती-ओहोटी असेल तर रॅम्प चालतो का? आतल्या आत एका मजल्यावरून दुसऱ्यावर गाडी कशी जाते? मजला किती वजन झेलतो? कारण ट्रक वेगळा आणि रणगाडा वेगळा. महायुद्धातला शर्मन तीस टनांच्या आसपास होता, टी-५५ सुमारे ३६ टन, टी-७२ चाळीसच्या वर आणि अमेरिकन अब्राम्स साठच्या पुढं. म्हणजे ज्या मजल्यावर एका पिढीचा रणगाडा आरामात उभा राहायचा तिथं पुढच्या पिढीचा उभा करता येईलच असं नाही, आणि जहाज निकामी व्हायचं एक कारण हे पण असतं. ज्यांना हे वजन डोळ्यांनी बघायचंय त्यांनी अहिल्यानगरचं टँक म्युझियम बघून यावं, आष्टी-कड्याकडच्यांना तर ते जवळच आहे. रणगाड्याच्या पट्ट्याशेजारी उभं राहिलं की असले साठ-सत्तर जहाजात कसे बांधून ठेवत असतील हा प्रश्न आपोआप पडतो. बांधून ठेवणं हे वेगळंच शास्त्र आहे, प्रत्येक गाडीला साखळ्या, मजल्यात हूक, आणि समुद्र खवळला की रोज सगळं परत आवळायचं. एक जड गाडी सुटली तर ती शेजारच्या गाड्या फोडते आणि जहाजाचा तोल पण घालवते. अजून एक गोष्ट कुणी लिहीत नाही ती म्हणजे हवा. बंद पोटात शेकडो इंजिनं एका वेळी चालू होतात चढताना-उतरताना, तो धूर बाहेर काढायला मोठे पंखे लागतात, नाहीतर माणसं गुदमरतील. जहाजाच्या वर्णनात हे सापडलं तर नक्की लिहा.

यानंतर एकच प्रश्न धरून बसायचं, हे जहाज मुळात कशासाठी बांधलं आणि मग लष्कराकडं कसं आलं. याचं उत्तर मिळालं की इतिहासाला जीव येतो. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट कॅपेला या जहाजाची. याचं पहिलं नाव सी-लँड मॅक्लीन. माल्कम मॅक्लीन हा अमेरिकेतला ट्रकवाला माणूस, ट्रकची कंपनी होती, त्याच्या डोक्यात आधी आख्खे ट्रेलरच जहाजावर चढवायचं होतं, पण चाकांची जागा फुकट जाते म्हणून नुसते डबे चढवायचं ठरलं आणि एप्रिल १९५६ मध्ये ५८ डबे घेऊन त्याचं पहिलं जहाज नेवार्कहून ह्यूस्टनला गेलं. आजचा कंटेनर तिथून सुरू झाला. पुढं त्याच्या सी-लँड कंपनीसाठी युरोपात आठ अतिवेगवान कंटेनर जहाजं बांधली गेली, त्यातलं हे रॉटरडॅमला, १९७१ मध्ये पाण्यात सोडलं आणि १९७२ मध्ये ताब्यात दिलं. वेग ३३ नॉट, म्हणजे ताशी ६१ किलोमीटर, त्या काळात मालवाहू जहाजासाठी अफाट. पण वेगाला तेल लागतं, आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल अडवलं, काही महिन्यांत भाव चौपट झाला. इतकी देखणी जहाजं, आणि चालवणं परवडेना.

इथं अमेरिकन नौदलाला काय सुचलं बघा. व्यापाऱ्याला रोज तेल जाळायचंय म्हणून ते जहाज महाग. पण लष्कराला ते रोज चालवायचंच नाही, बंदरात उभं ठेवायचं आणि एखाद्या दिवशी फौज निघाली की पूर्ण वेगानं सोडायचं. १९८१-८२ मध्ये आठही जहाजं घेतली, मधल्या भागात गाड्यांचे मजले केले, रॅम्प आणि क्रेन बसवल्या, १९८४ ते १९८६ या काळात एकेक करून तयार झाली. नावं ताऱ्यांची दिली, अल्गोल, बेलाट्रिक्स, डेनेबोला, पोलक्स, अल्टेअर, रेग्युलस, कॅपेला, अँटारेस. ज्या माणसानं चाकं काढून टाकली त्याच्या नावाच्या जहाजात परत चाकांच्या गाड्या आल्या. आठ जहाजं मिळून एका अख्ख्या यांत्रिक डिव्हिजनचं जवळजवळ सगळं सामान नेऊ शकत होती. (या ताऱ्यांच्या नावांची आधीची पण जहाजं आहेत बरं का, महायुद्धातली, पर्ल हार्बरच्या सकाळी तिथं असलेली अँटारेस वेगळी. परत तेच, नंबर बघा.)

ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेत घेतलं आणि त्या एखाद्या दिवसाची वेळ आली. जॉर्जियातल्या सॅव्हाना बंदरातून २४ व्या इन्फंट्री डिव्हिजनचे रणगाडे याच जहाजांवर चढले आणि पहिलं जहाज २७ ऑगस्टला सौदीच्या दम्मामला लागलं. पण सगळंच सुरळीत झालं नाही. अँटारेसचे बॉयलर अटलांटिकच्या मध्यात बंद पडले, ओढत स्पेनच्या रोटा बंदरात न्यावं लागलं, तिथून त्याचा माल दुसऱ्या जहाजानं पुढं नेला. एका डिव्हिजनचा मोठा हिस्सा त्या पोटात अडकून पडला होता. इतिहास लिहिताना ही गोष्ट लपवू नका. कुठलंही जहाज असो, बिघाडाची नोंद सापडली की ती मी आधी उतरवतो, कारण जहाजाचं वय, देखभाल, घाई, सगळं तिथं दिसतं. आणि बिघाड जहाजाच्या कागदात एका ओळीत असतो पण ज्या पलटणीचं सामान उशिरा पोचलं तिच्या इतिहासात पानभर असतो. म्हणून दोन्ही बाजूंनी शोधा, जहाज कुठून कुठं गेलं आणि पोटात कुणाचं सामान होतं.

हीच रीत मागं नेली की महायुद्धातलं पण सापडतं. १९४२ च्या उन्हाळ्यात इजिप्तमध्ये ब्रिटिशांना रणगाड्यांची फार गरज होती, शर्मन घेऊन निघालेलं फेअरपोर्ट नावाचं जहाज पाणबुडीनं बुडवलं, मग त्याच्या बदल्यात सीट्रेन टेक्सास नावाचं जहाज पाठवलं. ते मुळात रेल्वेचे डबे वाहायला बांधलेलं. ताफ्याशिवाय, एकटं, आफ्रिकेला वळसा घालून सुएझला पोचलं. त्याच इजिप्तमधल्या अल-अलामीनच्या लढाईवर मराठीत वाचायला मिळतं, या जहाजावर मला एक ओळ सापडली नाही.

आपल्या नौदलाकडं आलो की दोन गोष्टी नक्की बघा. १९७१ च्या डिसेंबरमध्ये कॉक्सबाजारला किनाऱ्यावर फौज उतरवायची मोहीम झाली, घडियाल आणि गुलदार त्यात होत्या. किनारा वाटला तसा नव्हता, जहाज अलीकडंच वाळूला लागलं, पुढं पाणी खोल, उतरताना दोन जवान बुडाले. म्हणून म्हणतो, किनाऱ्याला लागणाऱ्या जहाजाचा इतिहास लिहिताना किनाऱ्याचा उतार, भरतीची वेळ हे पण लिहायचं. दुसरी गोष्ट जलाश्वची. हे जहाज सिअ‍ॅटलला बांधलेलं, १९७१ मध्ये यूएसएस ट्रेंटन म्हणून अमेरिकन नौदलात दाखल, २००७ मध्ये आपल्याकडं आलं. म्हणजे पहिली छत्तीस वर्षं त्यांच्या कागदात आणि पुढची आपल्या. मे २०२० मध्ये कोरोनाच्या काळात याच जलाश्वनं मालदीवहून ६९८ माणसं कोचीला आणली, पाठोपाठ मगरनं २०२. रणगाड्यांसाठी केलेली जागा माणसांच्या कामी आली. मगरची मूळ क्षमता पंधरा रणगाडे आणि पाचशे जवान अशी सांगतात, तेव्हा ही जहाजं संकटात का पहिली काढतात ते कळतं.

आता घरातले कागद आणि घरातली माणसं. शांतिसेनेबरोबर १९८७ ते १९९० मध्ये श्रीलंकेला गेलेले फौजी काका आपल्याकडं बऱ्याच गावांत आहेत. त्यांच्याकडं जाताना डिस्चार्ज बुक बघायला मागा, विदेश सेवा मेडल असेल तर त्यावरच्या पट्टीवर देश लिहिलेला असतो. जहाजाचं नाव यातल्या कशावरच नसतं, ते बोलण्यातून काढावं लागतं. कोणतं साल असं एकदम विचारू नका. पोळ्याच्या आधी निघालात का नंतर, कोणत्या बंदरातून चढलात, विशाखापट्टण का मद्रास, गाडी उलटी लावून आत घेतली का सरळ, दार पुढं होतं का मागं, उतरताना पाय पाण्यात गेले का धक्क्यावर, जहाज लई हललं का. पुढून दार आणि प्रचंड हलणं म्हटलं की किनाऱ्याला लागणारं जहाज. धक्क्यावर क्रेननं गाडी उतरवली म्हटलं तर साधं मालवाहू, भाड्यानं घेतलेलं असू शकतं. ड्रायव्हर असलेले काका गाठा, त्यांना सगळ्यात जास्त आठवतं कारण गाडी त्यांच्या जबाबदारीवर होती, साखळी कशी बांधली इथपर्यंत सांगतात. विचारून मोबाइलवर रेकॉर्ड करा, काकू शेजारी असल्या तर त्यांनाही बोलू द्या, पत्र कधी आलं होतं ते त्यांना माहीत असतं आणि त्यावरून महिना लागतो. आजूबाजूला कोण कोण गेलं होतं कळत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन नीट सांगा काय करायचंय, निरोप पोचवून देतील का विचारा, कुणाचा नंबर परस्पर मागू नका.

आठवण आणि कागद जुळले नाहीत तर माणसाला खोटं पाडू नका. चाळीस वर्षांत दोन प्रवास डोक्यात एक होतात. वहीत दोन्ही लिहा, कुणी काय सांगितलं त्याच्या नावासकट, आणि तिसरा पुरावा शोधत रहा, तेव्हाची वर्तमानपत्रं मोठ्या ग्रंथालयांत बांधलेली असतात, संभाजीनगरला विद्यापीठात जाऊन विचारा.

एक गोष्ट मात्र कडक पाळायची. जे जहाज आज सेवेत आहे ते आत्ता कुठं आहे, काय घेऊन चाललंय, कोण त्यावर आहे, यातलं काहीही विचारायचं नाही आणि लिहायचं नाही. घरचा पोरगा नौदलात असला तरी नाही. इतिहास म्हणजे झालेलं, तेही सरकारनं किंवा नौदलानं आधीच सांगितलेलं. संरक्षण मंत्रालयानं २०२१ मध्ये धोरण केलंय की युद्धाच्या, मोहिमांच्या नोंदी साधारण पंचवीस वर्षांनी खुल्या व्हाव्यात, तेव्हा घाई नको.

मापांचं शेवटी सांगतो कारण इथं सगळेच अडकतात. जहाजाला टन लिहिलेलं दिसलं की कसला टन ते बघा. डिस्प्लेसमेंट म्हणजे जहाजाचं खरं वजन. डेडवेट म्हणजे ते किती ओझं नेऊ शकतं. ग्रॉस टनेज तर वजनच नसतं, आतल्या जागेचं माप असतं. व्यापारात असताना एका जहाजाचं ग्रॉस टनेज लिहिलेलं आणि नौदलात आल्यावर डिस्प्लेसमेंट, मग लोक लिहितात जहाज वाढवलं. नॉटला १.८५२ नं गुणलं की ताशी किलोमीटर. फुटाचे मीटर करताना मूळ आकडा पण शेजारी ठेवा.

आणि जहाज संपलं कसं ते शोधल्याशिवाय वही बंद करू नका. काही राखीव ताफ्यात वर्षानुवर्षं उभी राहतात, काही नौदल सरावात निशाणा म्हणून बुडवतं, काही भंगारात, अमेरिकन बरीचशी टेक्सासच्या ब्राउन्सव्हिलला, आणि जगभरातली व्यापारी गुजरातच्या अलंगला, जिथं मोठ्या भरतीला जहाज किनाऱ्यावर चढवतात. महायुद्धातली एक एलएसटी, नंबर ३२५, अजून अमेरिकेत इंडियानातल्या इव्हान्सव्हिलला जपून ठेवलीय आणि ती चालते पण. भंगारात गेलं असेल तर कोणत्या वर्षी विकलं आणि कुठं तोडलं एवढं तरी मिळतंच. जे मिळत नाही त्या रकान्यात अंदाज लिहू नका, रकाना मोकळा ठेवा आणि पेन्सिलनं बाजूला लिहा कुठं कुठं शोधलं, म्हणजे तुमच्या मागून जो त्याच जहाजाच्या मागं लागेल त्याला तीच कपाटं परत उघडावी लागणार नाहीत.